म्हैस, बगळा आणि वाघ

जंगलात जायच्या आधी एक म्हैस शोधा. काळीभोर असेल तर उत्तम, आणि तिच्या पाठीवर गायबगळा बसलेला असेल तर देव पावला म्हणायचं. कॅमेऱ्याचं मीटर नेमकं कुठे फसतं, हे या जोडीइतकं स्वच्छ कोणी शिकवत नाही. शिवाय म्हैस वाघासारखी दहा सेकंदांत बांबूत गडप होत नाही. चुकलात तरी ती रवंथ करत तिथेच उभी असते.

हे सांगायचं कारण, ताडोबाच्या गेटवर पहाटे दिसणारं नेहमीचं दृश्य. कोणीतरी १५०-६००ची लेन्स भाड्याने आणलेली असते. आदल्या रात्री खोलीत ती खोक्यातून बाहेर निघते, आणि जिप्सी गेटमधून आत शिरल्यावर शेजारच्याला प्रश्न येतो, ‘मीटरिंग कशावर ठेवलंय तुम्ही?’ मग चितळाचा कॉल सुरू होतो, गाईड हात वर करतो, वाघ रस्त्यावर येतो आणि या गृहस्थांची बोटं मेनूत अडकलेली असतात. वाघ समोर असताना मेनू आठवत नाही. माझ्याही लक्षात राहत नाही. म्हणून माझी कृती एका गोष्टीवर उभी आहे: जंगलात फक्त एक चाक फिरवायचं. बाकी सगळं गेटबाहेर, शक्यतो घरी आणि म्हशीसमोर ठरवून टाकायचं.

साहित्य

मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा. ४०० मिलीमीटर किंवा त्यापुढे जाणारी लेन्स. दोन कार्डं, एक सुती पंचा (मे महिन्यातली धूळ आणि तुमचा घाम, दोघांसाठी). रिकामी बीन बॅग. ती मुक्कामी पोचल्यावर गावातल्या किराणा दुकानातून अडीच-तीन किलो तांदूळ घेऊन भरायची. घरून भरून नेणारे लोक विमानतळावर किंवा बसमध्ये उगाच वजन उचलतात. ज्वारीही चालते, पण तांदूळ जास्त घट्ट बसतो. ट्रायपॉड घरी ठेवा, जिप्सीत सहा माणसांच्या बारा पायांमध्ये त्याचे तीन पाय मावत नाहीत. आणि शेवटची, पाच-दहा रुपयांची वस्तू: काळी इन्सुलेशन टेप. तिचं काम पुढे येईल.

१. म्हशीचा धडा

सकाळी आठच्या सुमाराला, ऊन असताना जा. कॅमेरा अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा आणि कॉम्पेन्सेशन शून्यावर. मीटरिंग मॅट्रिक्सवर ठेवा. निकॉनवाले त्याला मॅट्रिक्स म्हणतात, कॅनन इव्हॅल्युएटिव्ह, सोनी मल्टी. तिघांच्या हिशेबाच्या पद्धती वेगळ्या, पण काम एकच: पूर्ण चौकट पाहून अंदाज बांधायचा. निकॉनने १९८३च्या एफए या फिल्म कॅमेऱ्यात ही पद्धत पहिल्यांदा आणली. तेव्हापासून मीटर पुष्कळ हुशार झालं, पण त्याचा मूळ स्वभाव बदललेला नाही. समोर काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक नसतं. समोरचं सगळं मिसळलं तर मध्यम करडा रंग होईल, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारा, असं ते धरून चालतं.

आता फक्त म्हैस भरेल अशी चौकट घ्या. क्लिक. स्क्रीनवर म्हैस मातकट, राखेत लोळून आल्यासारखी दिसेल. कॅमेऱ्याला वाटलं, समोर अंधार आहे, म्हणून त्याने जास्त उजेड आत घेतला. कॉम्पेन्सेशन मायनस १ वर न्या, म्हैस काळी होईल.

मग फक्त बगळा भरेल असं जवळ जा (किंवा झूम करा, बगळे उडतात). शून्यावर बगळा मळकट येतो, गटारावरून उठल्यासारखा. प्लस १ वर तो पांढरा होतो.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं आणि इथेच बहुतेकांची शिकवणी संपते: ‘काळ्याला मायनस, पांढऱ्याला प्लस.’ पण आता दोघांना एकाच चौकटीत घ्या. म्हैस मोठी, बगळा पाठीवर हाताएवढा. पांढरा पक्षी आहे म्हणून प्लस केलंत तर बगळ्याच्या जागी कागदाचं भोक दिसेल, एक पीस शिल्लक राहणार नाही. चौकटीत जास्त जागा म्हशीची आहे, मीटर तिच्याकडे पाहून आधीच उजेड वाढवतंय, आणि त्या वाढलेल्या उजेडात बगळा जळतोय. इथे पांढऱ्या पक्ष्यासाठी मायनस १, कधी मायनस १.७ लागतं.

म्हणजे प्रश्न ‘प्राणी कोणत्या रंगाचा’ हा नाहीच. प्रश्न दोन. चौकटीत सर्वांत जास्त जागा कोणाची आहे? आणि मला जपायचं काय आहे? हे दोन प्रश्न क्लिक करायच्या आधी आपोआप मनात येईपर्यंत म्हशीसमोरून हलू नका. मालक विचारेल काय चाललंय. सांगा, वाघाची तयारी.

त्याच दिवशी मेनूत जाऊन हायलाइट वॉर्निंग सुरू करा. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. फोटो रॉमध्ये काढा. रॉमध्ये एक-दीड स्टॉप काळोखात गेलेला तपशील घरी वर ओढता येतो, पण जळालेलं पीस कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

२. मीटरिंग कोणतं? आणि स्पॉटचा मोह

मॅट्रिक्स. माझं उत्तर एवढंच आहे आणि ते शंभरातल्या नव्वद फोटोंना पुरतं. त्याच्या चुका अंदाजात बसतात, म्हणून चाकाने दुरुस्त करता येतात.

स्पॉट मीटरिंगचा मोह मात्र प्रत्येकाला होतो. वाघावरचाच प्रकाश मोजायचा, मागचा बांबू गेला खड्ड्यात, हे ऐकायला बिनतोड वाटतं. अडचण अशी की स्पॉट चौकटीचा एक-दोन टक्के भाग पाहतो, आणि वाघाच्या अंगावर त्या एक-दोन टक्क्यांत काळा पट्टा येतो, की गालाची पांढरी लव, की भगवी पाठ, याचा नेम नाही. चालत्या वाघावर दहा फोटोंची सर सोडा, दहा वेगवेगळे उजेड मिळतील. शिवाय निकॉनमध्ये स्पॉट तुमच्या फोकस पॉइंटसोबत फिरतो, पण कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो चौकटीच्या मधोमध खिळलेला असतो. वाघाचा डोळा डावीकडे, मोजमाप मधल्या दगडाचं, असं होतं आणि माणूस लेन्सला दोष देतो.

स्पॉट मी एकाच ठिकाणी वापरतो: प्राणी बसलेला आहे, हलत नाही, मागून उजेड येतोय आणि माझ्याकडे वेळ आहे. भगव्या पाठीवर मोजायचं, एक्स्पोजर लॉक करायचं, मग चौकट जुळवायची. सपाट उजेडात वाघाची भगवी पाठ मध्यम करड्याच्या जवळपास जाते, एवढी सवलत निसर्गाने दिलेली आहे.

निकॉनमध्ये हायलाइट-वेटेड नावाचा आणखी एक प्रकार आहे. २०१४च्या डी८१० पासून तो मिळतो. सोनीच्या नव्या बॉडींतही तसा आहे. गडद पाण्यावरचा बगळा, सावलीतला स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर, अशा वेळी तो पांढरं सांभाळतो. पण ते सांभाळताना बाकीचं चित्र फार काळोखात ढकलतो, म्हणून तो कायमचा लावून ठेवू नका.

३. शटर, अॅपर्चर हातात, आयएसओ कॅमेऱ्याकडे

मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो. शटर आणि अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, उजेडाची वजाबाकी आयएसओने करायची, आणि तिच्यावर कॉम्पेन्सेशनचं चाक चालवायचं. हेच ते एक चाक. कॅननच्या काही जुन्या बॉडींत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तुमच्यात चालतं का हे म्हशीसमोरच बघून घ्या. चालत नसेल तर शटर प्रायॉरिटी धरा.

अॅपर्चर लेन्सचं सर्वांत उघडं ठेवा, एफ/५.६ किंवा ६.३. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ६४००, नव्या फुल-फ्रेम बॉडीला १२८००. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही.

उजेडाचा अंदाज हवा असेल तर जुना हिशेब अजून खरा आहे: लख्ख उन्हात एफ/१६ला आयएसओ १०० असेल तर शटर १/१००. एफ/१६ पासून एफ/५.६ म्हणजे तीन स्टॉप, म्हणजे शटर १/८००. बांबूच्या सावलीत आणखी तीन स्टॉप गेले, की तेच शटर राखायला आयएसओ ८०० लागतो. हा हिशेब डोक्यात असला की स्क्रीनवर आयएसओ ६४०० दिसल्यावर माणूस दचकत नाही, शटर खाली आणतो.

शटरचे माझे ठोकताळे: बसलेला प्राणी १/२५० ते १/५००, चालणारा वाघ १/८००, उडी मारणारं वानर १/१६००, उडता पक्षी १/२००० ते १/३२००. पहाटे गेटमधून आत शिरताना १/३२०वर ठेवतो, कारण पहिल्या अर्ध्या तासात उजेडच नसतो. ऊन पहिल्यांदा रस्त्यावर पडलं की १/८००.

४. स्टॅबिलायझेशन: तुमच्या हातांसाठी, वाघाच्या पायांसाठी नव्हे

१९९५ साली कॅननने ७५-३०० मिलीमीटरच्या लेन्समध्ये एसएलआरसाठी पहिल्यांदा ही सोय आणली. लेन्समधले छोटे जायरो हाताचा कंप ओळखतात आणि भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवतात. काही कॅमेऱ्यांत भिंगांऐवजी सेन्सरच हलतो, काहींत दोन्ही. निकॉन त्याला व्हीआर म्हणतो, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. नावं पाच, काम एक.

हातात धरायचा जुना नियम असा की ४०० मिलीमीटरला किमान १/४०० शटर हवं. क्रॉप सेन्सरवर दीडपट, म्हणजे १/६००. खोक्यावर तीन स्टॉपची सवलत लिहिलेली असेल तर फुल-फ्रेमवर १/५०ला सुद्धा तुमचा हात माफ होतो. पण फक्त तुमचा हात. १/५०ला चालत्या वाघाचं डोकं एखादेवेळी वाचेल, पंजा पुसलाच जाणार. गेटवर ‘माझ्या लेन्सला पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे’ असं सांगणारे भेटतात, त्यांच्या वाघाला बरेचदा पाय नसतात.

आता लेन्सवरची ती छोटी कळ. तिच्यावर १, २, ३ असे आकडे असतात किंवा नॉर्मल, स्पोर्ट, अॅक्टिव्ह असे शब्द.

नॉर्मल किंवा १: आडवा-उभा दोन्ही कंप सावरतो. वाघ, अस्वल, गवा, बसलेला पक्षी. कळ इथेच राहायची.

२: फक्त पॅनिंगसाठी, म्हणजे धावत्या सांबरासोबत कॅमेरा आडवा फिरवताना. तेव्हा तो आडवी हालचाल मोकळी सोडतो आणि उभा कंप पकडतो.

स्पोर्ट किंवा ३: वेड्यावाकड्या उडणाऱ्या पक्ष्यांसाठी. कॅननच्या ३ मध्ये व्ह्यूफाइंडरमधलं चित्र हलतंच दिसतं, कारण स्टॅबिलायझेशन फक्त शटर उघडतं त्या क्षणी काम करतं. नवख्याला वाटतं लेन्स बिघडली.

अॅक्टिव्ह: खाली गाडी किंवा होडी हलत असेल तेव्हा.

ही कळ बॅगेतून लेन्स काढताना अस्तराला घासून सरकते. हे मला कळलं तेव्हा उशीर झालेला होता. एका मे महिन्यात पाणवठ्यावर वाघीण मान फिरवत बसलेली, मी चाळीस-पन्नास फोटो काढले, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक फोटोत मिशा आडव्या दुहेरी. कळ २ वर होती. ती वाघीण पुन्हा तशी बसायची नाही. त्या दिवसापासून कळ नॉर्मलवर आणून तिच्यावर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावतो. पक्ष्यांच्या दिवशी टेप काढायची, संध्याकाळी परत लावायची.

आणखी दोन गोष्टी. शटर बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आधी थोडं उसळतं आणि मग स्थिर होतं. तो अर्धा-एक सेकंद जाऊ द्या, मग पूर्ण दाबा. वाघ झाडीतून बाहेर यायच्या आधीच बटण अर्धं दाबून बसलात तर तो सेकंद वायाही जात नाही. आणि १/२००० च्या वर स्टॅबिलायझेशन बंद ठेवावं असं बरेच जाणकार सांगतात. मी ठेवत नाही. लांब लेन्समध्ये स्थिर चित्र दिसलं की पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस ठेवणं सोपं जातं, आणि फरक पडल्याचं मला माझ्या फोटोंत दिसलेलं नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला असेल तर मात्र जुन्या लेन्सवर बंदच करा, नाहीतर ती नसलेला कंप शोधत राहते. बीन बॅगवर सुरू ठेवा, कारण जिप्सी कधीच खरी स्थिर नसते.

५. जिप्सीत

इंजिन. सगळ्या मेनूंपेक्षा मोठी सेटिंग हीच. चालू इंजिनाची थरथर गाडीच्या लोखंडी बारमधून लेन्समध्ये शिरते आणि स्टॅबिलायझेशनला ती हाताच्या कंपापेक्षा वेगळी पडते. वाघ दिसला की ‘भाऊ, गाडी बंद करा’ एवढं हळू म्हणायचं. ड्रायव्हरला आधीच, गेटवर चहा पिताना, हे सांगून ठेवलं तर तो न सांगता किल्ली फिरवतो. इंजिन बंद करणं शक्य नसेल, पुढे-मागे गाड्या लागल्या असतील, तर लेन्स बारवरून उचला. कोपर छातीला टेकवा, डावा हात लेन्सच्या पुढच्या टोकाखाली, अॅक्टिव्ह असेल तर तो लावा. तुमचं शरीर थरथर बरीच खातं.

मग सहप्रवासी. एक जण उभा राहिला की सगळी गाडी डुलते. यावर कोणत्याही कंपनीने अजून कळ काढलेली नाही. गोड बोलून पहा.

आता चाक. ताडोबातल्या काही नेहमीच्या जागा, मॅट्रिक्स धरून:

बांबूच्या बोगद्यात वाघ, आजूबाजूला काळोख: मायनस ०.७. उन्हात पांढुरक्या मातीच्या रस्त्यावर वाघ: चौकटीत रस्ता जास्त, म्हणून प्लस ०.३ ते ०.७, नाहीतर वाघ काळवंडतो. पाण्यात बसलेला वाघ फसवतो. पाण्यात आकाश उतरलेलं असेल तर प्लस, झाडांची सावली उतरली असेल तर मायनस; म्हणजे तोच वाघ, तेच पाणी, आणि गाडी दहा फूट पुढे गेली की चिन्ह बदलतं. गवा म्हणजे आपली म्हैसच: चौकट भरली तर मायनस ०.७ ते १, पण त्याच्या पायांतले पांढरे मोजे जळत नाहीत ना, ते पहा. मागे आकाश असताना शेंड्यावर बसलेला मोरघारीसारखा शिकारी पक्षी: प्लस १.३ ते २, आणि आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. सागाच्या पानांतून कवडसे अंगावर पडलेला बिबट्या: काही कवडसे जळणारच. मायनस ०.३ करा आणि डोळा सावलीत आहे का बघा. मागून ऊन, पुढे धूळ उडवत येणारा कळप: हौसेने मायनस १.५, कडा सोन्यासारख्या पेटतात.

पहिला फोटो काढल्यावर एकदाच स्क्रीन बघा. काय लुकलुकतंय? वाघाचा गाल लुकलुकत असेल तर चाक मायनसकडे, मागचं पान लुकलुकत असेल तर सोडून द्या. त्यानंतर स्क्रीनकडे बघू नका. मी एकदा फोटो तपासत होतो तेव्हा वाघिणीमागून तीन बछडे रस्ता ओलांडून गेले. शेजारच्या जिप्सीतल्या लहान मुलीने मला ते नंतर सांगितलं, अगदी रंगवून.

आणि उन्हाळ्यात नऊच्या पुढे, पारा पंचेचाळीसकडे निघाला की जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलते. लांबचा वाघ त्या हवेतून नेहमी मऊ येणार. हे स्टॅबिलायझेशनचं काम नव्हे, मीटरचंही नव्हे, आणि लेन्स बदलून फरक पडत नाही. तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवावा आणि दुर्बीण काढावी.

६. गेटबाहेर आल्यावर

कॉम्पेन्सेशन शून्यावर. शटर १/३२०. कळ नॉर्मलवर, टेप जागेवर. हे जिप्सीतून उतरण्याआधी करायचं, नाश्त्यानंतर नाही. आदल्या संध्याकाळी घुबडासाठी लावलेलं प्लस १.३ सकाळच्या वाघाला भेटलं, की वाघाचे गाल संपले.

७. भिगवणसाठी एवढाच बदल

उजनीच्या पाण्यावर, कुंभारगावच्या बाजूने होडीतून रोहित पाहायला जाल तेव्हा उलटी पाटी. टेप काढा, कळ अॅक्टिव्ह किंवा स्पोर्टवर, शटर १/२०००. होडीत बीन बॅग मांडीवर घ्या, काठावर टेकवू नका. पाण्याचा प्रत्येक ठोका लेन्सला लागतो. सकाळच्या उन्हात पाणी आणि आकाश दोन्ही उजळ असतात, म्हणून मीटर रोहितांना मळकं करतं: प्लस ०.३ ते ०.७, आणि पंखांवर काही लुकलुकतं का ते पाहून परत खाली. थवा उठला की मागे एकदम गडद काठ येतो आणि तोच प्लस जाळतो. उडायच्या आधी मायनस ०.३ वर आणून ठेवा. नावाडीभाऊंना इंजिन लांबूनच बंद करून होडी वल्ह्याने न्यायला सांगा. फोटोही सुधारतो आणि पक्षी चरत राहतात.

ताडोबाचं कोअर मंगळवारी बंद असतं. मुक्काम असेल तर तो दिवस झोपण्यात घालवू नका. आजूबाजूच्या गावांत म्हशी भरपूर आहेत.